नगरसंस्थापकाची वंशावळ

जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडच्या ओव्हल मैदानावर विजय हजारे यांनी ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत, ११६ व १४५, अशी शतके झळकावली. तेव्हापासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या या राजधानीचे नाव मराठी घरांत परिचयाचे झाले आहे. या मैदानालगत माँटेफिओर नावाची एक टेकडी असून तिच्यावर शहराकडे हात करून उभ्या असलेल्या एका लष्करी पुरुषाचा पुतळा आहे. हा कर्नल विल्यम लाइट, अ‍ॅडलेडचा संस्थापक. १८३६ च्या अखेरीस त्याने शहराची जागा मुक्रर केली आणि त्यानंतर तीन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच तो क्षयाने वारला. त्याच्या नावाचा चौक आहे, त्याच्या स्मृत्यर्थ पेला उंचावण्याची नगरपालिकेची प्रथाही १८५९ पासून पडली. परंतु हा मनुष्य कोणाचा कोण, अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ कोण होते, आणि त्याच्या मागे काय उरले, हे प्रश्न त्या शहराने दीर्घकाळ अदबीने बाजूला ठेवले. ते सुटले ते वंशावळीच्या शोधातून. आणि तेही पुरुषांच्या नव्हे, तर स्त्रियांच्या बाजूने शोध घेतल्यावर.

वंशावळ हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा विषय आहे. गेल्या शतकात महाराष्ट्रात अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले. त्यांच्या संपादकांनी गावोगाव हिंडून, जुन्या वह्या चाळून, क्षेत्रस्थ उपाध्यायांकडील नोंदी पाहून जी माहिती जमविली तिचे मोल मोठे आहे. तथापि या ग्रंथांची मांडणी बापाकडून मुलाकडे अशी एकाच दिशेने चालते. सून येते ती सासरचे नाव घेऊन. मुलगी लग्न होऊन गेली की वृक्षावरून उतरते. अशा पद्धतीने लाइट घराण्याचा वृक्ष काढू गेल्यास हाती काय लागेल, हे पाहण्यासारखे आहे.

विल्यमचा बाप फ्रान्सिस लाइट याचा बाप्तिस्मा डिसेंबर १७४० मध्ये इंग्लंडातील सफक परगण्यातल्या डॅलिंगू या खेड्यात झाला. आईचे नाव मेरी लाइट. मूल विवाहबाह्य असल्याने त्याला आईचे आडनाव मिळाले. म्हणजे ज्या आडनावाने पुढे दोन शहरे आपले संस्थापक ओळखू लागली, ते मुळात एका अविवाहित स्त्रीचे आडनाव होते. विल्यम निगस नावाच्या सधन गृहस्थाने या मुलाला वाढविले, शिकविले. काही वर्षे आरमारात काढून तो पूर्वेकडे आला आणि मद्रासच्या व्यापारी पेढीच्या वतीने सयाम व केडाच्या किनाऱ्यावर व्यापार करू लागला. केडाच्या सुलतानाकडून पेनांग बेट ईस्ट इंडिया कंपनीसाठी मिळवून ११ ऑगस्ट १७८६ रोजी त्याने तेथे इंग्रजी निशाण लावले. सयामी आक्रमणाविरुद्ध लष्करी संरक्षण मिळेल या आशेवर सुलतानाने बेट दिले होते. कंपनीने ते संरक्षण कधीच दिले नाही. १७९१ मध्ये सुलतानाने बेट परत घेण्याची खटपट केली, ती फसली. पुढे १८२१ मध्ये सयामने केडा उद्ध्वस्त केले. पेनांगच्या इतिहासकारांना संस्थापक हा शब्द फ्रान्सिसच्या बाबतीत खटकतो, त्याचे कारण या व्यवहारात आहे.

निशाण लागण्यापूर्वी साडेतीन महिने, २७ एप्रिल १७८६ रोजी, विल्यम केडाच्या मुलखात जन्मला होता. त्याची आई मार्टिना रोझेल्स. ती केडाच्या राजघराण्यातली कन्या असून पेनांग बेट तिच्या हुंड्यात आले, अशी एक दंतकथा पुष्कळ दिवस प्रचलित होती. १६६१ च्या तहाने मुंबई बेट खरोखरच पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाला मिळाले हे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला ही कथा सहज पटण्यासारखी वाटेल. पण पेनांगच्या बाबतीत ती टिकत नाही. अभ्यासकांचा कल मार्टिना ही फुकेत-केडा किनाऱ्यावरील पोर्तुगीज आणि सयामी अशा मिश्र रक्ताच्या कॅथॉलिक समाजातील होती असे मानण्याकडे आहे. १७९४ च्या ऑक्टोबरात मलेरियाने फ्रान्सिसचा अंत झाला. मृत्युपत्रात त्याने १७७२ पासूनच्या सहवासाचा उल्लेख करून घरदार व मिरीचे मळे तिच्या नावे ठेवले. पत्नी हा शब्द मात्र त्याने योजला नाही. व्यवस्था ज्यांच्यावर सोपविली होती त्यांच्याकडून तिच्या पदरात फारच थोडे पडले, आणि मुलांच्याही हाती बापाची म्हणावी अशी इस्टेट आली नाही.

विल्यमला सहाव्या वर्षी इंग्लंडला धाडण्यात आले होते. सफकमधल्याच थेबर्टन येथील डॉटी कुटुंबात तो वाढला. त्याच सुमारास, १७९१ मध्ये, ज्यांची आई एतद्देशीय आहे अशांना कंपनीच्या मुलकी व लष्करी नोकरीचे दरवाजे बंद करणारा हुकूम निघाला होता. या मुलाने पुढे तलवार हाती घेतली ती कंपनीची नव्हे, राजाची. हे केवळ योगायोगाने घडले असे मानणे अवघड आहे.

त्याची थोरली बहीण सेरा मात्र हिंदुस्थानातच राहिली आणि तिच्यामुळे ही वंशावळ आपल्या अंगणात येते. सेराचा नवरा जेम्स वेल्श हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८०३ च्या दुसऱ्या मराठा युद्धात तो आर्थर वेलस्लीच्या सैन्याबरोबर दख्खनमध्ये होता, अहमदनगर पडले त्या वेळी तेथे हजर होता. १८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींचे दोन खंड त्या काळच्या अभ्यासकांना परिचित आहेत. मेहुणा नगरच्या तटाखाली ज्या सेनापतीच्या हाताखाली लढला, त्याच सेनापतीच्या हाताखाली काही वर्षांनी विल्यम लाइट स्पेनमध्ये लढला. १८०८ मध्ये तो घोडदळात दाखल झाला आणि फ्रेंच व स्पॅनिश भाषांवरील प्रभुत्व, नकाशे व रेखाचित्रे काढण्याची हातोटी आणि निर्भय टेहळणी या गुणांनी वेलिंग्टनच्या नजरेत भरला. १८२३ मध्ये स्पेनच्या उदारमतवाद्यांच्या बाजूने तो स्वयंसेवक म्हणून पुन्हा लढला व कोरुन्याजवळ जबर जखमी झाला. कर्नल ही पदवी त्याला या दुसऱ्या लढाईतून मिळाली, इंग्रज सैन्यातून नव्हे.

त्याचे पहिले लग्न १८२१ मध्ये झाले आणि ती पत्नी लवकरच वारली. १८२४ मध्ये त्याने मेरी बेनेट हिच्याशी विवाह केला. ती रिचमंडच्या तिसऱ्या ड्यूकची अनौरस कन्या. पैसा भरपूर, समाजात स्थान अर्धवट. दोघांनी नौका घेऊन भूमध्य समुद्रात कित्येक वर्षे भ्रमंती केली. इजिप्तमध्ये असताना १८३२ च्या सुमारास ती त्याला सोडून दुसऱ्याकडे गेली. कायदेशीर घटस्फोट झाला नाही. तिला पुढे जी मुले झाली त्यांना लाइट हेच आडनाव लागले. आता कुलवृत्तांताच्या रीतीने जाणाऱ्याची फसगत येथे पाहावी. आडनावाच्या मागे गेल्यास तो या मुलांपाशी पोचेल आणि त्यांना नगरसंस्थापकाचा वंश समजून बसेल. रक्ताच्या मागे गेल्यास त्याला कोणीच सापडणार नाही. विल्यमला स्वतःचे ज्ञात मूल नव्हते.

त्याच्या उत्तरायुष्याची सुरुवात इजिप्तच्या पाशाच्या नोकरीतून होते. नाइल नावाची आगबोट इंग्लंडहून अलेक्झांड्रियास पोचविण्याचे काम १८३४ मध्ये त्याच्याकडे आले. बोटीवर जॉन हिंडमार्श हा आरमारी अधिकारी होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात नवी वसाहत स्थापण्याचे घाटत होते. तेथील गव्हर्नरपद चार्ल्स नेपियर याने, पुढे १८४३ मध्ये सिंध घेणाऱ्या त्याच नेपियरने, नाकारले आणि लाइटचे नाव सुचविले. पण सूचना फळास येण्यापूर्वीच हिंडमार्श लंडनला धावला आणि नेमणूक पटकावून मोकळा झाला. लाइटच्या वाट्याला मोजणीखात्याचे प्रमुखपद आले, आणि शहराची जागा निवडण्याचा अनन्य अधिकार. एकाला मान आणि दुसऱ्याला अधिकार अशी ही वाटणी ज्या कमिशनरांनी केली त्यांनी भांडणाचे बी स्वतःच पेरले असे म्हटले पाहिजे.

१८३६ च्या मे महिन्यात रॅपिड जहाजातून तो निघाला, ऑगस्टमध्ये कांगारू बेटावर उतरला. पन्नाशी गाठलेला, क्षयाची कीड लागलेला माणूस. सोबत मोजके सहकारी, आणि मारिया गँडी ही पंचविशीतली स्त्री व तिचे दोन भाऊ. हजारो मैलांचा किनारा पाहून एखाद्या जागेची निवड करायची तर वर्ष पुरले नसते. त्याला महिनेच मिळाले. डिसेंबरच्या अखेरीस हिंडमार्श येऊन थडकला व त्याने वसाहतीची घोषणा केली. जागा समुद्रालगत हवी असा त्याचा आग्रह होता. लाइटने टॉरेन्स नदीकाठचे सखल पण पाणी असलेले पठार निवडले आणि ३१ डिसेंबर रोजी निर्णय पक्का केला. ११ जानेवारी ते १० मार्च १८३७ या दोन महिन्यांत एक हजार बेचाळीस भूखंडांची आखणी पुरी झाली. मुख्य रस्ता एकशे बत्तीस फूट रुंद, मध्ये चौक, आणि सभोवार मोकळ्या राखीव उद्यानभूमीचा पट्टा. हा पट्टा बव्हंशी राहिला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारशात त्याचा समावेश झाला. बापाने वसविलेले जॉर्ज टाऊनही त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. आराखडा लाइटचा की त्याचा दुय्यम सहकारी जॉर्ज किंग्स्टन याचा, हा वाद गेल्या शतकाच्या अखेरीस रंगला होता. जागेची निवड आणि तिची जबाबदारी लाइटची, याबद्दल वाद नाही, आणि आमच्या मते तेवढे पुरेसे आहे.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते पठार रिकामे नव्हते. ती काउर्ना लोकांची भूमी होती. त्यांच्या ताब्यातील जमिनींवरचा त्यांचा हक्क १८३६ च्या राजपत्रात शब्दांनी मान्य केलेला होता आणि भूखंड विकताना तो कोणी पाहिला नाही. त्या लोकांचा परंपरागत हक्क न्यायालयाने मान्य केला तो २०१८ मध्ये.

शहराची आखणी झाल्यावर ग्रामीण भागाची मोजणी सुरू झाली आणि तेथे लाइटचा कडेलोट झाला. माणसे अपुरी, बैल व गाड्या नाहीत, तंबूत शिधा नाही. तिकडे जमिनीचे पैसे आधीच भरून बसलेले लोक रोज दारात उभे. मदत मागण्यासाठी किंग्स्टनला लंडनला पाठविले. तो जून १८३८ मध्ये परतला तो कमिशनरांचा हुकूम घेऊन: लाइटने घाईची, ढोबळ पद्धतीची मोजणी पत्करावी, अन्यथा काम किंग्स्टनकडे सोपवावे. २ जुलै १८३८ रोजी लाइटने राजीनामा दिला. मोजणीखात्यातील बहुतेक सहकारी त्याच्याबरोबर बाहेर पडले. अधिकारपदावरून दूर झालेल्या माणसामागे हाताखालचे लोक निघून जातात हे दृश्य सरकारी खात्यांच्या इतिहासात वारंवार दिसत नाही.

सहकाऱ्यांसह त्याने खासगी मोजणीची पेढी काढली. गॉलर हे गाव या पेढीने आखले. पण दैव अजून पुरते उलटले नव्हते. २२ जानेवारी १८३९ रोजी त्याच्या गवती झोपडीला व लगतच्या मोजणी कचेरीला आग लागली. तीस वर्षांच्या रोजनिश्या, स्पेन व इजिप्तमधील टिपणे, चित्रे, सर्व भस्मसात झाले. त्याच वर्षी त्याने आपल्या कामाची छोटी रोजनिशी छापून काढली, ती टीकाकारांना उत्तर म्हणून. मूळ कागद नष्ट झाल्याने चरित्रकाराला त्याच्या आयुष्याची मधली वीस-पंचवीस वर्षे इतरांच्या दप्तरांतून, चर्चच्या नोंदींतून आणि नातेवाइकांच्या पत्रांतून सांधावी लागली. वंशावळीचा आधार येथे हौसेचा राहत नाही, निरुपायाचा होतो.

शहराबाहेर त्याने एक लहान घर बांधले आणि लहानपणी ज्या गावात वाढला त्या गावाचे नाव त्याला दिले. त्या वस्तीचे आजचे नाव थेबर्टन. केडात जन्मलेल्या, आईपासून सहाव्या वर्षी तुटलेल्या माणसाने घर म्हणून आठवले ते सफकमधले परके घर, हे मनाला लागून राहते. या घरात त्याची शुश्रूषा मारिया गँडीने केली. तिला घरकामाची बाई म्हणत. सारे गाव काय ते जाणून होते. लाइटची विवाहित पत्नी हयात असल्याने लग्न होणे शक्य नव्हते, आणि वसाहतीतील प्रतिष्ठित कुटुंबांनी त्या घराची पायरी चढणे टाळले. ६ ऑक्टोबर १८३९ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, लाइट गेला. अंत्ययात्रेला मात्र गव्हर्नरासह सारे शहर लोटले, तोफा झडल्या, आणि शवपेटीवरील पत्र्यावर त्याला अ‍ॅडलेडचा संस्थापक म्हणून गौरविले गेले. जिवंतपणी ज्याला काम सोडावे लागले त्याला ही पदवी शवपेटीवर मिळाली. थडग्यावरील पहिले स्मारक १८४३ मध्ये उभारण्याचे ठरले तेव्हा त्याचा आराखडा किंग्स्टनने केला! तो दगड झिजून गेला आणि १९०५ मध्ये त्या जागी मोजणीचे यंत्र शिरावर धरलेला स्तंभ आला.

मृत्युपत्राने त्याने असेल नसेल ते मारियाच्या नावे केले. बापाने मार्टिनाला दिले, तसेच मुलाने मारियाला; दोन्ही स्त्रियांच्या नात्याला धर्मसंस्थेची मान्यता नव्हती. मारियाच्या बाबतीत व्यवस्था निदान तिच्याच हाती राहिली. जुलै १८४० मध्ये तिने डॉक्टर जॉर्ज मेयो यांच्याशी विवाह केला, तिला मुले झाली, आणि डिसेंबर १८४७ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ती लाइटच्याच रोगाने वारली. दक्षिण ऑस्ट्रेलियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८४२ मध्ये सुरू झाली. त्यामुळे लाइटचा मृत्यू त्या वह्यांत नाही आणि मारियाचा आहे. वंशावळीचा धागा सरकारी दप्तरात प्रवेश करतो तो तिच्या नावाने.

मेयो घराण्याची पुढील पिढ्यांतील कामगिरी थोडकी नाही. मारियाची नात हेलन मेयो ही डॉक्टर झाली. १९०५ च्या सुमारास दिल्लीच्या स्त्रियांच्या मिशन रुग्णालयात तिने प्रसूतिशास्त्राचा अनुभव घेतला आणि परत जाऊन अ‍ॅडलेडमध्ये माता व अर्भकांच्या आरोग्याची चळवळ उभी केली. तिचा भाऊ एल्टन मेयो म्हणजे शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांमुळे व्यवस्थापनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असलेला विद्वान. कामगाराकडे कोणी आस्थेने पाहिले तर त्याचे काम सुधारते, या विचाराशी त्याचे नाव जोडले गेले आहे. मोजणीखात्यातल्या लाइटच्या माणसांची कथा त्याच्या कानावर आजीच्या घराण्यातून आली असेल काय, असा विचार मनात येऊन जातो. याच घराण्यातील मेरी पेनेलोपी मेयो हिने १९३७ मध्ये लाइटचे चरित्र व पत्रे प्रसिद्ध केली. ज्या स्त्रीचे नाव शहराने हळू आवाजात घेतले, तिच्या घराण्याने लाइटचे कागद जपले.

मार्टिनाच्या बाबतीत शहराला आणखी वेळ लागला. समकालीनांनी लाइटचे वर्णन काळ्या कुरळ्या केसांचा, निमगोऱ्या वर्णाचा असे केलेले होते. तरीही श्वेतवर्णीयांच्या वसाहतीचे धोरण जोरात असताना संस्थापकाची आई आशियाई होती हे सांगण्याची निकड कोणाला वाटली नाही. राजकन्येची दंतकथा त्यातल्या त्यात सोईची होती. १९६० मध्ये जेफ्री डटन यांचे विस्तृत चरित्र आले आणि त्यानंतरच्या दशकांत पेनांग, मद्रास व लंडन येथील दप्तरे ताडून मार्टिनाची खरी ओळख पुढे आली.

आपल्याकडील कुलवृत्तांत मंडळांनी नव्या आवृत्त्या काढताना हे उदाहरण समोर ठेवावे, अशी आमची सूचना आहे. सुनेचे माहेरचे नाव व गाव, लेकींची सासरे आणि त्यांची संतती, पुनर्विवाह, दत्तक, आणि ज्यांच्याबद्दल घरात बोलले जात नाही अशी नाती, यांची नोंद झाली पाहिजे. जागा पुरत नाही ही सबब खरी नाही. पुरुषांच्या पदव्या व नोकऱ्यांना पाने पुरतात. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या प्रती कंपनीच्या काळापासून लंडनला जात असत आणि त्या तेथे जतन केलेल्या आहेत. पुणे, नगर, सातारा येथील छावण्यांतून इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरांत राहिलेल्या एतद्देशीय स्त्रियांच्या मुलांचे बाप्तिस्मे अशा नोंदवह्यांतून शोधता येतील. त्या स्त्रियांची नावे तेथे बहुधा अपुरी असतील. पण ती गोळा करण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने अंगावर घेतले तर मराठी समाजाच्या इतिहासाचे एक मिटलेले पान उघडेल.

पेनांगच्या किल्ल्यात १९३६ मध्ये फ्रान्सिस लाइटचा पुतळा उभारण्यात आला, दीडशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने. फ्रान्सिसचे विश्वसनीय चित्र उपलब्ध नव्हते, तेव्हा शिल्पकाराने चेहरा घेतला तो मुलाचा, असे सांगतात. तसे असेल, तर त्या किल्ल्यात इंग्रज बापाच्या नावाखाली उभा असलेला तो चेहरा मार्टिना रोझेल्सच्या मुलाचा आहे.